आसणी फाट्यावरचा दगड

“आद्य रहिवासी म्हंजी काय रं, आनंदा?” आईनं विचारलं.

आनंदतात्या वाचता वाचता थांबले. ते गावचे सरपंच. तालुक्याला गेले की साहेब लोक त्यांना खुर्ची देत. पण आमच्या ओसरीवर आईसमोर बसले की ते पुन्हा जुन्या गावातला आनंदा होत.

“म्हंजी पयला माणूस, काकी. सगळ्यांच्या आधी हितं आला त्यो.”

“आन् म्होरं काय लिवलंय?”

तात्यांनी चष्मा सरळ केला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. “कैलासवासी कोंडिबा मालू उतेकर, नवी आसणी गावचे आद्य रहिवासी. वैशाख शके अठराशे चौऱ्याऐंशीमध्ये जुन्या आसणीचा विस्तव घेऊन ते सहकुटुंब येथे आले व त्यांनी पहिली चूल पेटवली. त्याच विस्तवावर गावातील सर्व चुली पेटल्या. गावास पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, समस्त ग्रामस्थ.” त्यांनी कागदाची घडी घातली. “आपल्या शेवंताबाईंनीच लिवलंय. कसं झालंय?”

“झ्याक झालंय,” आई म्हणाली. तिच्या पुढ्यात सूप होतं आणि ती तांदळातले खडे वेचत होती. “पर मी येनार न्हाई.”

ही १९८७ सालची गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि गावातल्याच शाळेत शिकवत होते. मजकूर मी आठ दिवस खोडून खोडून लिहिला होता. गावासाठी असं मी तात्यांना सांगितलं, पण तो मी माझ्यासाठी लिहिला होता.

आमची जुनी आसणी घाटात होती, नदीकाठी. धरण व्हायचं ठरलं तेव्हा गावानं देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली होती. गेलो तर सगळे एकदम जाऊ, एकट्यानं कुणी उठायचं नाही. माझ्या वडिलांनीही त्या ताटावर हात ठेवला होता. आणि तरी पहिले तेच उठले. आमचं घर सगळ्यात खाली होतं आणि गोठ्यात पाणी शिरलं होतं. लोक म्हणाले, वरच्या आळीत राहायचं होतं, कुणी नको म्हटलं असतं का? कदाचित नसतं म्हटलं. वडिलांनी सरकारी ट्रकमध्ये सामान भरलं आणि दोन दिवसांच्या प्रवासानं आम्ही या उघड्या माळावर उतरलो. चार महिन्यांनी पाणी देवळाच्या पायरीला लागलं आणि सगळं गाव आमच्या मागून आलं.

आमच्यात नव्या घरातली पहिली चूल काडी ओढून पेटवत नाहीत. पेटत्या चुलीतला विस्तव मागून आणायचा. माळावर पेटती चूल एकच होती, आमची. त्यामुळे प्रत्येक घरची बाई हातात खापर घेऊन आमच्या दारात आली. आईनं सगळ्यांना निखारे दिले. बायांनी ते घेतले आणि आमच्या घरचं पाणी मात्र कुणी प्यायलं नाही. बेलभंडार मोडलेल्याचं पाणी.

वडिलांनी घाटातल्यासारखंच घर बांधलं होतं, धो धो पावसासाठी उतरतं छप्पर, पश्चिमेला एकही खिडकी नाही. इथं वर्षाकाठी वीस दिवस पाऊस पडत नाही. पण मागून आलेल्यांनीही तशीच घरं बांधली. शंभर घरं, सगळ्यांची पाठ न येणाऱ्या पावसाकडे. उन्हाळ्यात आत जीव नकोसा होई. घराची नक्कल केली, पण माणसाला ‘फितूर’ म्हणत राहिले. लग्नकार्यात आम्हाला शेवटच्या पंगतीला बसवत. मला चार स्थळं आली, चारही आसणीकरांतली, आणि चारही फिरली. वडील गेले तेव्हा तिरडीला खांदा द्यायला शेजारच्या गावची माणसं आणावी लागली. मग मी डी.एड. केलं आणि शाळेत लागले.

आणि आता गाव त्यांच्या नावाचा दगड उभा करणार होतं. डांबरी सडकेवर, आसणी फाट्याला, येणाऱ्याजाणाऱ्या एसटीतून दिसेल असा.

“काकी, असं करू नका,” तात्या म्हणाले. “तुम्ही न्हाई आलात तर लोकं काय म्हनतील? म्हातारीलाच पटंना म्हनतील. सभेत एकेकाला मी कसं वळवलंय माझं मला ठावं.”

“तू का वळवत बसलास?”

तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “माझा बाप तुमच्या उंबऱ्यावर थुकला हुता. मी बारक्या भावाला कडेवर घिऊन मागं हुबा हुतो. म्या बघितलंय.”

“मीबी बघितलंय,” आई म्हणाली. “च्या घे. निवतोय.”

त्यांनी चहा घेतला. उठताना मला बाजूला बोलावून म्हणाले, “बाई, पाथरवट उद्या दुपारी छिन्नी लावनार. सकाळच्या गाडीनं कागद गेलाच पायजे. आईची समजूत तुम्ही घाला.”

ते गेल्यावर मी आत आले. आईनं सूप भिंतीला उभं करून ठेवलं होतं आणि चुलीपुढं बसली होती. रॉकेलचा स्टो मी तिला दोन वर्षांपूर्वी आणून दिला होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची.

“काय झालं गं तुला?” मी म्हटलं. “पंचवीस वर्षांनी लोक नमतायत.”

“लोकं नमली तर नमू द्यात. म्या कुठं धरून ठिवलंय?”

“मग यायला काय होतंय?”

“त्यात इस्तवाचं लिवलंयस.”

“मग? आपण आणलाच होता की. मडक्यात, राखेत पुरून. गोवऱ्या घालून. मला चांगलं आठवतंय, मांडीवर घेऊन बसली होतीस तू ट्रकमध्ये. मला हात लावू देत नव्हतीस.”

“इझला हुता त्यो.”

मला आधी कळलंच नाही. “कधी?”

“काय ठावं. वाटंत कदी तरी. हितं उतरले, तुझा बा मेढी ठोकाया गेला, तुला म्या घागर दिऊन पाण्याला धाडली. मडक्यात हात घातला, तर राख गार. पार तळापत्तुर हात घातला. एक ठिणगी न्हाई.”

“मग काडीनं पेटवलीस?”

“न्हाई.” ती चुलीकडं बघत बोलत होती. “माळाच्या त्या अंगाला, निंबाखाली पाल हुतं. पारध्याचं. तुला याद हाय का?”

आठवत होतं, अंधुक. फाटकी गोधडी बांधलेलं पाल, पिंजऱ्यात तितर, आणि मोठ्यानं हसणारी एक बाई. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आमच्या आजीनं पारध्याची सावली पडली म्हणून भरला हंडा ओतून दिलेला मी पाहिला होता.

“धूर दिसला म्हनून गेले,” आई म्हणाली. “हातात त्येच मडकं. तिनं आत बघितलं आन् हसाया लागली. म्हनली, राख घिऊन कुटं चाललीस बया? मला रडाया आलं. तशी गप झाली. खापरीवर चार इंगळ काढलं आन् म्हनली, पळ, वारं हाय. आपली चूल त्यावर पेटलीय, शेवंता. घाटातल्यावर न्हाई.”

मी खाली बसले.

“बांना माहीत होतं?”

“कुनालाच न्हाई. मागनं अख्खा गाव इस्तू मागाया आला. समदी म्हनत हुती, आपल्या आसणीचा इस्तू, आपल्या देवाचा इस्तू. कपाळाला लावत हुती. मी काय सांगनार? ज्या बायांनी माझं पाणी न्हाई घेतलं, त्यांच्या घरात म्या पारधनीचा इस्तू दिला.” ती एवढंसं हसली, पण ते हसू लगेच गेलं. “जवारीची भाकर बी तिनंच शिकवली. आपन भातखाऊ मानसं. माझी भाकर थापताना फुटायची. ती हितं बसायची, दाराच्या भाईर. आत कवा आली न्हाई. भाईरनं सांगायची, पीठ गरम पाण्यानं मळ, असं.”

“बरं,” मी म्हटलं. “पण हे आता कशाला? पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाहीस, आणखी नाही सांगितलंस म्हणून काय बिघडणार आहे?”

“अजून हाय,” ती म्हणाली.

मग तिनं सरकारी मोजणीचा अमीन आल्याचं सांगितलं. श्रावण सरता सरता गावठाणाची मोजणी झाली. साखळ्या घेऊन माणसं आली, चुन्याच्या रेघा मारल्या. पाल एका भूखंडाच्या मधोमध येत होतं. अमिनानं वडिलांना विचारलं, ही माणसं तुमच्यातली का?

“तुझा बा ‘न्हाई’ म्हनला. खोटं न्हाई म्हनला त्यो. पर तीन-साडेतीन म्हयनं तिच्या इस्तवावर रांधून मी त्याच्या पाठीशी हुबी हुते. माझ्या तोंडातनं काय निघालं न्हाई. दुसऱ्या दिशी दोन पोलीस आलं. पाल उपटलं. चूल लाथंनं इझवली. भर दुपार हुती. ती पिंजरा डोईवर घिऊन माझ्या दारात आली आन् म्हनली, बया, इस्तू दे.”

आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

“दिलास ना?” मी विचारलं.

“अमीन बघत हुता. तुझा बा बघत हुता. म्हटलं, ह्यांस्नी कळंल आमचं येणंजाणं हाय. आपलं बी नाव कागदावरनं काढतील. म्हटलं, चूल इझलीया.” तिनं पदर तोंडावर ओढला आणि पुन्हा खाली घेतला. “चूल माझ्यामागं पेटली हुती, शेवंता. तिला दिसत हुती. तिनं डोईवरचा पिंजरा सावरला. गेली. आन् पंधरा दिसांनी गाव आलं, त्याला मी पोटभर इस्तू दिला.”

मला काय वाटलं ते मी आता प्रामाणिकपणे लिहिते. मला त्या बाईची दया आली नाही. आईचीही आली नाही. मला पाथरवटाची आठवण झाली. सकाळची गाडी पावणेसातला होती.

“तुझं म्हणणं काय आहे?” मी विचारलं.

“तिचं बी नाव घाल. खाली. बारीक अक्षरात घाल वाटलं तर.”

“आई, गाव दगड उचलून विहिरीत टाकील.”

“टाकू दे.”

“टाकू दे? तुला टाकू दे म्हणायला काय जातंय? चार वेळा नेसून बसले मी त्या खोलीत. चार वेळा कांदेपोहे केलेस तू. बांना खांदा द्यायला शिंदेवाडीची माणसं आणली आपण, आपल्या शंभर घरांतून चार माणसं नाही निघाली. आता कुठं ते मान खाली घालून येतायत, आणि आपण त्यांना सांगायचं की तुमच्या देवाचा विस्तव पारध्याच्या पालातला आहे? परत बांवर येईल सगळं. फितूर होता आणि बाटवलंही म्हणतील.”

“तुज्या बाला ठावंच नव्हतं.”

“ते कुणाला पटणार आहे?”

ती हळूच म्हणाली, “बाईचं नाव तरी ऐकून ठिव. मी मेल्यावर कुणाला बी ठावं राहनार न्हाई. तिचं नाव...”

“नको,” मी म्हटलं.

“आगं, नुसतं...”

“नाव सांगू नकोस मला, आई. ऐकलं तर मला लिहावं लागेल. नाही लिहिलं तर जन्मभर डोक्यात राहील. मला नाही ऐकायचं.”

मी हात पुढं केला होता, वर्गात गडबड करणाऱ्या मुलांना थांबवावं तसा. आईनं त्या हाताकडं पाहिलं. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. ते तिनं मिटलं.

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “येते मी. नारळ फोडायचा ना?”

“हो.”

“ते हिरवं लुगडं काढून ठिव मग.”

सकाळी मी स्वतः फाट्यावर गेले आणि कागद कंडक्टरच्या हातात दिला. मजकुरातला एक शब्दही बदलला नव्हता.

समारंभ चांगला झाला. मांडव घातला होता, तालुक्याहून सभापती आले होते. काळ्या दगडावर वडिलांचं नाव पांढऱ्या अक्षरांत उठून दिसत होतं. आईनं नारळ फोडला, एकाच घावात. टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्या बाया एकेक करून तिच्या पाया पडल्या. तात्यांची आई फार थकली होती, तिला दोघींनी धरून आणलं. तिनं आईचे हात हातात घेतले आणि म्हणाली, “बायजे, तुझ्या इस्तवानं माझी लेकरं जगली गं.” आईनं ते हात सोडवून घेतले नाहीत. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दुपारी पंगती बसल्या. आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं, सभापतींच्या शेजारी. मी पोटभर जेवले. अडतीस वर्षांत इतकं चांगलं जेवण मी जेवले नव्हते, असं मला वाटलं होतं.

आई त्यानंतर चार वर्षं होती. अंथरूण धरलं नाही, बोलणं शेवटपर्यंत स्वच्छ होतं. रोज संध्याकाळी मी शाळेतून येई, ती भाकरी थापत असे. मी दारात चपला काढताना कधी कधी मनात येई, आज विचारावं. पण शाळेत वह्या तपासून डोकं दुखत असे, पाणी भरायचं असे, आणि उद्या विचारू म्हणून दिवस जाई. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. नको म्हटलं होतं ना. एकदा नको म्हटलं की ती दुसऱ्यांदा ताटात वाढत नसे.

गेल्या वर्षी रस्ता चौपदरी करायला सुरुवात झाली. फाट्यावरची चिंच गेली, टपऱ्या गेल्या. जेसीबीनं दगड उचलताना त्याचे दोन तुकडे झाले. ते शाळेच्या आवारात आणून टाकले आहेत, ‘कोंडिबा’ एकीकडे आणि ‘उतेकर’ दुसरीकडे. मुलं त्यावर बसून डबे खातात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

परवा सरपंचबाई आल्या. सुजाता संकपाळ, आनंदतात्यांची नातसून. एम.ए. झालेली, भराभर बोलणारी मुलगी.

“आजी, ग्रॅनाइटचा नवा बोर्ड करतोय. जुना मजकूर तुमचाच होता ना? तोच घालू, का नवीन लिहून देता? तुम्हाला हवं ते लिहा. आता कोण काही बोलत नाही.”

मी तिला चहा केला. मग तिच्यासमोरच लिहायला बसले. वय झालं, वेळ लागला. वडिलांचं नाव लिहिलं, साल लिहिलं. त्याखाली लिहिलं, ‘त्यांच्या आधी या जागेवर एक चूल पेटलेली होती. गावातल्या सगळ्या चुलींचा विस्तव तिथून आला. त्या चुलीवरची माणसं येथून हाकलण्यात आली.’

तिनं कागद घेतला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा सावकाश वाचला. मग पेन काढून शेवटच्या ओळीच्या वर थोडी जागा मोजली.

“बसेल एवढं,” ती म्हणाली. “पण ‘एक चूल’ असं मोघम नको, आजी. नाव घालू. कुणाची होती ती?”

“माझ्या आईला माहीत होतं,” मी म्हणाले.